गाडीला ओरखडा नव्हता

१

डॉक्टर त्यांच्याच गाडीखाली मेलेले सापडले, तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. ते धाकट्याला, म्हणजे त्यांच्या मुलाला, सापडले. आणि त्याच सकाळी नऊ वाजता ती गाडी उचलून घोड्यांवर ठेवली होती तीही धाकट्यानेच.

घोडी म्हणजे गॅरेजातली लोखंडी तिपाई. जॅकने गाडी वर घ्यायची, खाली दोन घोड्या लावायच्या, मगच माणसाने आत शिरायचं. डॉक्टर चाकांच्या फळीवर उताणे होऊन पुढच्या बाजूने आत गेले होते. दोन्ही घोड्या आडव्या पडलेल्या आणि गाडी छातीवर. शेजारच्या चौघांनी नुसत्या हातांनी गाडी उचलून धरली, तेव्हा कुठे त्यांना ओढून काढता आलं.

पोलिसांच्या कागदावर आलं, की मुलाने घोड्या नीट लावल्या नव्हत्या.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांची लेक माझ्याकडे आली. मी जन्मभर गाड्यांचे पत्रे ठोकले. डॉक्टर दातांचे, माझे दात त्यांनी फुकट काढले आणि त्यांच्या गाडीवरचे पोचे मी फुकट काढले, एवढी आमची ओळख.

"काका, बाबांची इटलीची गाडी दुरुस्तीला द्यायचीय," ती म्हणाली. "दुकान निवडायला तुम्ही चला."

"आत्ता? घरात हे असं झालेलं असताना?"

"बाबांनी तीन दुकानं काढून ठेवली होती. तिन्ही जुन्या परदेशी गाड्यांचीच. तिघं येऊन बाहेरून पाहून गेले. खाली मात्र मी कुणाला जाऊ दिलं नाही. कामाच्या याद्या लिहून आणतो म्हणालेत." तिने आवाज खाली आणला. "ती गाडी दारात आहे तोवर धाकटा खोलीबाहेर येणार नाही, काका."

"जेवतो का?"

"ताट आत सरकवते. अर्धं परत येतं." मग खाली बघत म्हणाली, "त्याच्या खोलीची आतली कडी आम्ही काढून टाकलीय."

मी काठी घेतली आणि उठलो.

२

लाल रंगाची, कमरेएवढीही उंच नसलेली गाडी. पत्रा ॲल्युमिनियमचा, हाताने ठोकून घडवलेला. असा पत्रा फार हळवा असतो. कोपर टेकलं तरी लक्षात ठेवतो.

लेकीने एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. पोलिसांनी परत केलेलं. त्यात चष्मा, दात तपासायचा लांब दांड्याचा छोटा आरसा आणि पेशंटला तारीख लिहून देतात तसलं एक कार्ड. कार्डावर पाच आकडे, बाकी काही नाही.

"फोन नंबर म्हणावा तर लागत नाही," ती म्हणाली.

"आणि आरसा? गाडीखाली काय दाढा तपासत होते?"

तिला हसू आलं नाही. मलाही यायला नको होतं.

टेबलावर परदेशी टपाल तिकिटांचा एक मोठा लिफाफा होता. डॉक्टर गेले त्याच्या आदल्या दिवशीच आलेला. आत कागद नव्हता. तिने सगळे खण पाहिले होते, रद्दीसुद्धा चाळली होती.

मी गाडीच्या दाराशी, पुढच्या चाकामागे जमिनीवर बसलो. गुडघे कुरकुरले. हात दाराखालच्या पट्टीच्या आत घातला. खालून सगळीकडे काळा, जाड, डांबरी रंग होता.

"हा रंग कधीचा?"

"दोन महिन्यांपूर्वी बाबांनी आणि धाकट्याने मारला. अजून पुरता वाळलाच नाही. नख लावलं तरी उमटतं."

बोटांना घोडीच्या डोक्याचा ठसा लागला. चौकोनी, बरोबर मधोमध. मी आजूबाजूला चाचपलं. दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो, तिथेही चाचपलं. तसाच ठसा, तशीच जागा. पुन्हा पहिल्या बाजूला आलो. इतक्या वर्षांत बोटांनी मला फसवलेलं नाही, तरी त्या दिवशी मला त्यांची खात्री वाटेना.

"काका, काय झालं?"

"पोरी, वजनाखालून घोडी सटकते तेव्हा ती पत्रा फाडत जाते. इथे पत्रा सोड, या ओल्या रंगावरसुद्धा रेघ नाही."

"म्हणजे?"

"धाकट्याने घोड्या नीट लावल्या होत्या. आणि ही गाडी पडलेली नाही." माझाच आवाज मला परका वाटला. "ही कुणीतरी हळूच खाली ठेवलीय."

३

ती भिंतीला टेकली. ओरडली नाही. म्हणाली, "धाकट्याला सांगते."

"थांब. आज सांगशील, उद्या पोलीस म्हणतील, म्हाताऱ्याला भास झाला. मग तो पोरगा कायमचा त्या खोलीत जाईल. कुणी केलं ते कळू दे."

घोडी काढायची तर आधी गाडी जॅकने थोडी आणखी वर घ्यावी लागते. डॉक्टर खाली जागे होते. त्यांना ते कळलंच असणार. तरी ते बाहेर आले नाहीत, म्हणजे वर जॅकचा दांडा धरणाऱ्यावर त्यांचा विश्वास होता. कदाचित त्यांनीच सांगितलं असेल, अजून जरा वर घे, दिसत नाही.

"जॅक चालवणारा कोण येईल तुमच्याकडे?" मी विचारलं. "धाकटा सोडून."

"गाडीसाठी? ते तिघंच."

म्हणून आम्ही दुकान निवडायला निघालो. जे ठरवलं होतं तेच काम, फक्त आता दुकानाबरोबर माणूसही शोधायचा होता.

पहिलं दुकान काचेचं. आतली फरशी अशी, की चप्पल काढावीशी वाटावी. मालक तिशीतला, कडक इस्त्रीचा. दोन खांबांच्या यंत्राने गाड्या डोक्यावर उचलल्या होत्या.

"हाताचा जॅक वापरता का?" मी विचारलं. दुकान पारखायचं तर ते गाडी कशी उचलतात ते मी आधी बघतो.

"जॅक?" तो हसला. "काका, आमच्याकडे एक आहे. बहुतेक आहे."

मग लेकीकडे वळला. "मॅडम, स्पष्ट बोलू? ज्या गाडीखाली माणूस गेला ती पुढे कुणी घेत नाही. दुरुस्त कशाला करता? मलाच देऊन टाका. डॉक्टरांनाही मी हेच सांगितलं होतं."

"बाबा तेव्हा जिवंत होते," ती म्हणाली. "तेव्हा कोण गेलं होतं खाली?"

तो गोरामोरा झाला. "म्हणजे... गाडी विका, एवढंच म्हणालो होतो." आणि त्याने छापील यादी पुढे केली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हाच असेल का?"

"गाडी हवी म्हणून माणूस मारणारा घोडीलाही हात लावेल, जॅकलाही. पण याला ते कुठे ठेवलंय तेच ठाऊक नाही. पुढे चल."

४

दुसरं दुकान इंजिनवालीचं. नवरा गेल्यावर तिने त्याचं दुकान चालवलं आणि त्याच्यापेक्षा बरं चालवलं. पन्नाशीची, हात कोपरापर्यंत काळे. गाड्या लाकडी ओंडक्यांवर बसवलेल्या.

"पत्रेवाले, तुम्ही अजून आहात?" ती म्हणाली. "मला वाटलं, गेलात."

"तुमचं बिल द्यायचं राहिलंय म्हणून थांबलोय."

तिने लेकीला स्टूल दिलं आणि स्वतःहून बोलायला लागली. "तुझ्या वडिलांशी माझं भांडण झालं होतं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. सहा आठवड्यांपूर्वी ते गाडी घेऊन आले. मी इंजिन चालू करून ऐकलं आणि म्हटलं, डॉक्टर, हे इंजिन या गाडीचं नाही. ते इतके भडकले! म्हणाले, तुम्ही दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवता. गाडी घेऊन तरातरा निघून गेले."

"दुसऱ्याच्या म्हणजे कुणाच्या?" लेकीने विचारलं.

इंजिनवालीने माझ्याकडे पाहिलं. "हे इंजिन शेवटचं कुणी खोललं होतं, ते यांना ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी. आठ महिने गाडी त्याच्याकडे होती. मी ज्याला सोनार म्हणतो, त्याच्याकडे.

"नंतर बाबांचा फोन आला होता?"

"एकदा. मरायच्या आदल्या संध्याकाळी. माफी मागितली. म्हणाले, कारखान्याकडून कागद मागवला होता, तो आला. इंजिनावर दोन आकडे असतात. एक समोर, सगळ्यांना दिसतो. दुसरा कुशीत, आडबाजूला. तो इथे कुणाला माहीतच नव्हता. म्हणाले, उद्या बघतो."

"हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. ते म्हणाले, बाई, माणूस घोडी सरकून मेलाय, आकडा वाचून नाही."

लेकीने पिशवीतून कार्ड काढलं. पाच आकडे. इंजिनवालीने ते उजेडात धरलं आणि म्हणाली, "कागदावरून उतरवून घेतलेला कुशीतला आकडा असणार हा." आपली यादी तिने पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहून दिली.

५

तिसरा सोनार. सोनार हे त्याचं नाव नाही, जातही नाही. हात इतका बारीक होता म्हणून मीच त्याला तशी हाक मारायला लागलो. अकरा वर्षं माझ्या हाताखाली होता.

तो धावत आला, वाकून माझ्या पायांना हात लावला. "उस्ताद! निरोप धाडला असता तर मीच आलो असतो."

लेकीला पाहून त्याचे डोळे भरले. खोटे भरले असं आजही मला म्हणता येत नाही.

"डॉक्टर मला भावासारखे," तो म्हणाला. "धाकट्याला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको. चूक कुणाच्याही हातून होते."

"तू शेवटचा कधी गेला होतास गाडीखाली?" मी विचारलं.

"खाली? वीस वर्षं झाली, उस्ताद. परवा ताईंनी वरून बघू दिली तेवढीच."

दुकान फार नीटस होतं. प्रत्येक पान्याची भिंतीवर स्वतःची जागा. कोपऱ्यात जॅक उभा. त्याच्या लोखंडी वाटीवर मी शिवून दिलेली चामड्याची टोपी अजून होती, जुन्या बुटाच्या तळव्याची, कडेने जाड दोऱ्याचे टाके. तो शिकून बाहेर पडला त्या दिवशी दिली होती. जॅकच्या वाटीचे दात गाडीला लागू नयेत म्हणून. दुसऱ्याच्या दारी काम असलं तर टोपी खिशात घालून न्यायची, हे मी त्याला शिकवलं होतं. इतक्या वर्षांनी ती बघून मला बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं खरं.

त्याने यादी दिली. मोत्यासारखं अक्षर.

संध्याकाळी डॉक्टरांच्या टेबलावर मी तिन्ही याद्या ठेवल्या. मी मोठेपणी वाचायला शिकलो. वाचतो सावकाश, एकेक शब्द हाताळून, त्यामुळे काही सुटत नाही. काचवाल्याची यादी चार पानी. तिसऱ्या पानावर : 'अपघातात खालच्या भागाचे झालेले नुकसान, उघडून पाहणे.' इंजिनवालीच्या यादीची पहिलीच ओळ : 'गाडी पडली तेव्हा खाली काय मोडलं ते आधी बघू, मग बाकीचं.'

सोनाराच्या यादीत रंग होता, कातडी बैठका होत्या, काचांची रबरं होती, दिव्यांच्या कडा होत्या. मी तीनदा वाचली. बोट ठेवून वाचली.

"काय शोधताय, काका?"

"घोड्यांवरून पडलेली गाडी. कुणालाही तिची दुरुस्ती करायची तर आधी खालचं बघावंसं वाटेल. ज्याला गाडी पडल्याचं नुसतं ऐकून माहीत आहे, तो ते लिहिणारच." मी कागद तिच्यापुढे सरकवला. "याने एक ओळ लिहिली नाही. कारण खाली काही मोडलेलं नाही, हे याला माहीत आहे."

६

एका न लिहिलेल्या ओळीवर माणसाला फासावर चढवता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनवाली जॅक आणि आठ लाकडी ओंडके घेऊन आली. गाडी चढली, ओंडके बसले. तिने दोन वेळा खांद्याने गाडीला धक्का देऊन पाहिलं. तरीही लेक म्हणाली, "मी बाहेर थांबते," आणि अंगणात निघून गेली.

मी डॉक्टरांच्याच फळीवर झोपलो. फळी पुसलेली होती, पण लाकडात मुरलेलं पुसून जात नाही. नाकासमोर चार बोटांवर इंजिनाचं काळं पोट. शेजारी इंजिनवाली सरपटत आली. तिने डॉक्टरांचा आरसा इंजिनाच्या कुशीत घातला, बॅटरी धरली, आणि आरशात उलटे दिसणारे आकडे सावकाश सरळ करून वाचले.

कार्डावरच्या पाचातला एकही जुळत नव्हता.

"समोरचा नंबर घासून नवा ठोकलाय, आणि हा त्याला माहीतच नव्हता," ती म्हणाली. "खरं इंजिन वीस वर्षांपूर्वीच दुसऱ्या कुणाच्या गाडीत गेलं. डॉक्टर इतकी वर्षं भलतंच इंजिन फिरवत होते."

मी मात्र दुसरीकडे बघत होतो. पुढची आडवी नळी, जिच्याखाली जॅक लावतात ती. काळ्या रंगात घरच्या जॅकच्या वाटीचे दात उमटले होते. ते धाकट्याचं सकाळचं काम. त्याच्या अर्ध्यावर चढलेला दुसरा ठसा होता. गोल, गुळगुळीत, दात नसलेला. कडेने टाक्यांच्या बारीक खुणा. एका ठिकाणी दोन टाके जवळजवळ आले होते. तिथे माझा दोरा संपला होता आणि मी नवा जोडला होता.

"पत्रेवाले, बरं वाटत नाही का? बाहेर चला."

मला बाहेर येताच येईना. इंजिनवालीने पाय धरून ओढलं, जसं त्यांना ओढलं असेल.

७

डॉक्टरांची केस लिहिणारे पोलीस साहेब आधी ऐकायला तयार नव्हते. इंजिनवालीने त्यांना फळीवर झोपवलं आणि बॅटरी हातात दिली. उठले तेव्हा शर्टाची पाठ काळी झाली होती आणि तोंड बंद झालं होतं. दुपारी ते आमच्याबरोबर आले आणि सोनाराच्या दाराबाहेर, अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आडोशाला उभे राहिले.

"दुकान ठरलं," मी आत जाऊन म्हणालो.

सोनाराचा चेहरा उजळला. "माझं?"

"तुझ्या यादीत खालचं काम नाही."

"राहिलं असेल, उस्ताद. घाईत."

"तुझं काही राहतं का? पान्यांनासुद्धा घरं बांधून ठेवलीस तू."

मी कोपऱ्यात गेलो आणि जॅकच्या वाटीवरून टोपी काढून घेतली. उलटी केली. आतल्या बाजूला, शिवणीतून झिरपलेलं, ताजं डांबर होतं. मी ती त्याच्यापुढे धरली.

"वीस वर्षांत खाली गेला नाहीस. हा रंग दोन महिन्यांचा आहे."

सोनार खाली बसला. लेक दारातच होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहत बोलला.

"त्यांनी फोन करून बोलावलं. म्हणाले, ती बाई तुझ्यावर नको ते बोलते, ये, तुझ्यासमोरच आकडा बघतो, म्हणजे तिचं तोंड बंद होईल. मला वाटलं, समोरचाच आकडा बघतील. खाली गेले. म्हणाले, दिसत नाही, अजून थोडी वर घे, घोड्या एक खाच वाढव. मी वर घेतली. घोड्या काढल्या. तेवढ्यात खालून म्हणाले, सोनारा, हा तर वेगळाच आहे रे."

तो आपल्या तळहाताकडे बघू लागला.

"रागावले नव्हते. नुसतं म्हणाले, का केलंस? हे सगळं दुकान त्या इंजिनाच्या पैशावर उभं आहे, उस्ताद. काय सांगणार होतो? माझा हात दांड्यावरच होता."

"गाडी एका क्षणात खाली येते, दांडा पुरता फिरवला तर," मी म्हणालो. "तू हळू घेतलीस."

"हो."

"का?"

तो विचार करू लागला. खरंच विचार करू लागला, जणू पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"पत्र्याला लागेल म्हणून," तो म्हणाला. "सवयच ती. टोपीही तशीच लावली."

मागे लेकीच्या तोंडून एक आवाज आला. साहेब शटरखालून वाकून आत आले. सोनार उठला, हात पुसले, फडकं घडी करून जागेवर ठेवलं. जाताना माझ्या पायांशी वाकायला लागला. मी पाय मागे घेतले.

पुढे त्याच्या खणात कारखान्याचा कागद सापडला, घडी न मोडलेला. तोही त्याला फाडवला नव्हता.

८

"गाडी कुणाला द्यायची मग?" परतताना लेकीने विचारलं.

"जिने पहिल्या ओळीत लिहिलं, खाली काय झालं ते आधी बघू, तिला."

घरी ती धाकट्याच्या खोलीत गेली. मग तो बाहेर आला. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर लोंबत होता. उजेडाने डोळे बारीक केले होते.

"काका, ताई म्हणते ते खरं?"

"माझ्या सांगण्यावर जाऊ नको. इकडे ये."

मी गाडीजवळ बसलो. तो माझ्याशेजारी बसला. मी त्याची दोन बोटं धरून दाराखालच्या पट्टीच्या आत नेली, त्या चौकोनी ठशावर ठेवली.

"ही तुझी घोडी. बघ, कशी बसली होती. आता पुढे चाचप. सरकल्याची रेघ सापडली तर मला सांग."

त्याने चाचपलं. मग उठून दुसऱ्या बाजूला गेला, तिकडे बसला. पुन्हा इकडे आला. लेक दारात तोंडावर पदर धरून उभी होती. तो शोधतच होता, जणू रेघ सापडली असती तर बरं झालं असतं. गाडी पडून मरणं तरी लवकरचं असतं. माझ्याच शिष्याने ती किती हळू खाली आणली, हे मी त्याला सांगितलं नाही. कधीतरी कुणीतरी सांगेल.

शेवटी त्याने हात बाहेर काढला. बोटं काळी झाली होती. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला,

"नीट लावल्या होत्या मी."

"नीट लावल्या होत्यास," मी म्हणालो.